सोबतीला जागा लागते

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सिनेमावर बोलायला सांगितलंय. मी कविता लिहितो आणि गोदीत माल उतरवतो. शिक्षण दहावी. कॅमेरा कुठून कुठे सरकला हे सांगणारे लोक वेगळे आहेत, त्यांची मासिकंही वेगळी आहेत. पण पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' पाहिला आणि वाटलं, ह्याच्यावर आपणही बोललं पाहिजे. सिनेमा आपल्या शहराचा आहे. त्यातली माणसं महिन्याच्या पगारावर जगणारी आहेत. नावाचा अर्थ असा की, आपण ज्या ज्या गोष्टीला उजेड म्हणून मनात धरतो, ते सगळं. आणि विषय आहे एकटी माणसं. दुसऱ्या माणसाला हात लागावा म्हणून धडपडणारी माणसं.

पहिल्यांदा ह्या 'एकटेपणा' शब्दाचं बघू. मराठीत त्याची फार नासाडी झालीय. एक माणूस खिडकीत बसतो. बाहेर पाऊस पडतो. तो सिगरेट ओढतो आणि त्याला एकाकी वाटतं. ह्याच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं भरली. मी त्याची टिंगल करत नाही, त्याचंही दुखत असेल. पण त्याच्याकडे खिडकी आहे हो! दार लावून एकटं बसायला आधी दार लागतं. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-नऊ जण झोपतात. तिथे एकटं बसायचं तर संडासाशिवाय जागा नाही, आणि तिथेही बाहेरचा कडी वाजवतो. म्हणून पांढरपेशांना वाटतं की गरिबाला एकटेपणा नसतो. गरीब कसे मिळूनमिसळून राहतात म्हणे! साफ खोटं. नऊ जणांत आडवा झालेला माणूस फार एकटा असतो, कारण ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी बोलायला कोपरा नसतो. कूस बदलायची तरी शेजारच्याला विचारून.

माझं म्हणणं आताच सांगून टाकतो. चहा येईपर्यंत ज्यांना डुलकी लागेल त्यांचं नुकसान नको. एकटेपणाला जागा लागत नाही, तो चेंगराचेंगरीतही मावतो. जागा लागते ती सोबतीला. आणि ज्या शहरात जागेचा भाव चौरस फुटावर ठरतो, तिथे सोबतीचाही भाव चौरस फुटावरच ठरतो. हा सिनेमा मला हे सांगतो. तो ते ओरडून सांगत नाही, एवढंच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. मुंबईतलं एक हॉस्पिटल. तिथे तिघी बायका कामाला. प्रभा आणि अनू केरळच्या नर्सा. पार्वती आपल्या रत्नागिरीकडची, तिथे स्वयंपाक करते. प्रभा थोरली, कामाला चोख, तोंडाने कमी. घरच्यांनी लग्न लावून दिलं, नवरा थोड्याच दिवसांत जर्मनीला गेला, आणि आता वर्षावर झालं, त्याचा फोन नाही. अनू तिच्याच खोलीत राहते, भाड्याचा तिचा वाटा नेहमी उशिरा देते, आणि शियाझ नावाच्या मुसलमान पोरावर तिचा जीव आहे. पार्वती विधवा. नवरा गिरणीत होता. ज्या घरात तिची उमर गेली ते घर बिल्डरला पाहिजे. कनी कुस्रुती, दिव्या प्रभा आणि छाया कदम ह्या तिघींनी ही कामं केलीत. काम केलंय असं वाटतच नाही, इतकं चांगलं केलंय.

सिनेमा सुरू होतो तो ह्या तिघींपासून नाही. रात्रीची मुंबई दिसते. बाजार, गाड्या, माणसांचे लोंढे. आणि वरून आवाज येतात. वेगवेगळ्या भाषांतले, तोंड न दिसणारे. कुणी कधी आलं, कसं आलं, काय वाटलं. एकजण सांगतो की इतकी वर्षं राहिलो तरी ह्याला घर म्हणायची भीती वाटते, कधीही निघावं लागेल असं वाटतं. पुढे एका ठिकाणी सणाची गर्दी चाललेली असते, आणि तेव्हा एक आवाज 'मुंबईचं स्पिरिट' ह्या थापेचं सालपट काढतो. गटारात राहायला लागलं तरी ह्या शहरात रागवायची परवानगी नाही, त्यालाच स्पिरिट म्हणतात. बॉम्बस्फोट झाले, पाणी तुंबलं, गाड्या बंद पडल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? मुंबईकर पुन्हा कामावर. अरे, कामावर नाही गेला तर त्याचा खाडा लागतो! ह्यात स्पिरिट कसलं?

आता कुकरचं सांगतो. एक दिवस प्रभाच्या पत्त्यावर पार्सल येतं. फोडलं तर आत लाल रंगाचा, भात शिजवायचा विजेचा कुकर. जर्मनीत बनलेला. चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याचं नाव नाही. कुणी पाठवला हे दोघींनाही कळतं आणि दोघी बोलत नाहीत. मग रात्री प्रभा जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. पायांमध्ये घेऊन, छातीशी धरून.

आमच्या टोळीतले आम्ही चौघे एका फोनवर हा सिनेमा बघत होतो. ह्या ठिकाणी कुणीतरी हसला आणि लगेच गप्प झाला. मी स्वतः परदेशचा माल उतरवतो. पेट्यांवर छापलेलं असतं, नाजूक. बाण काढलेला असतो, ही बाजू वर ठेवा. ओलाव्यापासून जपा. कोणती पेटी नवऱ्याच्या बदल्यात आलीय हे मात्र कुठल्याच पेटीवर छापलेलं नसतं.

हे काही केरळचंच नाही. कोकणातल्या घराघरांत मुंबईची मनीऑर्डर यायची. गिरणीतला गडी वर्षाकाठी गणपतीला, शिमग्याला तोंड दाखवायचा, आणि बाई गावात मनीऑर्डरच्या पावत्यांबरोबर म्हातारी व्हायची. तेव्हा मुंबई होती, आता दुबई, जर्मनी आहे. मजुराचे हात एका गावात लागतात आणि त्याचं माणूस दुसऱ्या गावात ठेवलं जातं. हा एकटेपणा मनातून उगवलेला नाही. तो रोजगाराने तयार केलेला आहे. मालक हात मागवतो, त्या हातांचा संसार मागवत नाही.

प्रभाच्या आसपास एक डॉक्टर आहे, मनोज नावाचा. तोही केरळचा. हिंदी जमत नाही, शहर जमत नाही. तो तिला स्वतःची कविता वाचायला देतो. आपण कविता लिहिणारी माणसं, म्हणून इथे मी कान टवकारले. तो कवितेतून विचारतोय, मी इथे थांबू का? आणि ती काही बोलू शकत नाही, कारण ती लग्नाची आहे. नवरा नाही, लग्न आहे. तिला मंगळसूत्राचा धाक आहे, मंगळसूत्राची सोबत नाही. कविता वाचून ती ठेवून देते. मला तो डॉक्टर आवडला. कविता दिली, पण तिला कोंडीत पकडलं नाही. आपल्यात असे कवी कमी आहेत.

आता अनू आणि शियाझ. ह्या दोघांचा सगळा सिनेमा म्हणजे एक जागा शोधणं. दोन तरुण माणसं, कमावती, कुणाचं वाईट न चिंतणारी. त्यांना एकमेकांना मिठी मारायची आहे. एवढंच. ह्या एवढ्या मोठ्या शहरात, ह्या टोलेजंग शहरात, त्यांना चार भिंती मिळत नाहीत. रस्त्यावर, बाजारात, बसस्टॉपवर, अंधारात. शेवटी एक दिवस शियाझच्या घरची माणसं लग्नाला जाणार असतात. घर रिकामं! अनू बुरखा विकत घेते, कारण त्याच्या मोहल्ल्यात कुणाला दिसता कामा नये. बुरखा घालून निघते. आणि पाऊस. गाड्या बंद. लग्नाला जाणारे परत घरी.

ह्यात व्हिलन कोण? कुणी गुंड आलेला नाही, बाप काठी घेऊन आलेला नाही. पाऊस आणि रेल्वे. पण जरा थांबून बघा. पाऊस सगळ्यांवरच पडतो. ज्याच्याकडे गाडी आहे, हॉटेलची खोली घ्यायला पैसा आहे, आणि त्या खोलीच्या काउंटरवर आडनाव वाचून भुवया वर जात नाहीत असं आडनाव आहे, त्याचं प्रेम पावसाने अडत नाही. उलट त्याला पावसावर गाणं सुचतं.

आता पार्वती. तिच्या घराला कागद नाहीत. प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते. वकील विचारतो कागद, पुरावा, नाव. सगळं नवऱ्याच्या माहितीत होतं आणि नवरा मेला. म्हणजे बाई तिथे राहिली, भांडी घासली, पाणी भरलं, माणूस त्याच घरातून शेवटचा बाहेर काढला, आणि कायद्याच्या हिशेबात ती तिथे कधी नव्हतीच.

गिरण्यांचं तुम्हाला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मिटलाच नाही, माणसं मिटली. मग १९९१ ला नियम आला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात अशी दुरुस्ती झाली की वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचेच पडतील. ज्या जमिनीवर गिरणी उभी होती ती सुटली. २००६ ला सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. झाला हिशेब. भोंग्याच्या जागी मॉल, चिमणीच्या जागी टॉवर. आणि झोपडीवाल्यांसाठी ह्याच शहरात एक तारीख आहे, १ जानेवारी २०००. त्याच्या आधीचा पुरावा असेल तर फुकट घराला पात्र. नंतरच्यांसाठी पुढे २०११ पर्यंतची सवलत आली, पैसे भरून. म्हणजे तू माणूस आहेस का नाहीस, हे तुझ्या पेटीतलं लाइटबिल ठरवतं.

सिनेमा ह्यातलं काही आकडेवारीने सांगत नाही. तो फक्त पार्वतीचं तोंड दाखवतो. ती म्हणते त्याचा अर्थ असा, की ही माणसं उंच उंच बांधत सुटलीत, त्यांना वाटतं असंच बांधत गेलो तर एक दिवस आपण देवाच्या जागी बसू. एका रात्री प्रभा आणि पार्वती बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकाखाली उभ्या राहतात. फलकावर इंग्रजीत लिहिलंय, दर्जा हा ज्यांच्या नशिबी असतो त्यांच्यासाठीच राखून ठेवलेला असतो अशा अर्थाचं. आरक्षणावर बोंबलणाऱ्यांना हे आरक्षण दिसत नाही! मग त्या दोघी दगड उचलतात आणि मारतात. सभ्य, युनिफॉर्म घालणारी, आवाज न चढवणारी प्रभाही मारते. आणि हसते. अख्ख्या सिनेमात ती अशी क्वचितच हसते.

इथे मला जे दिसलं ते नीट सांगतो, कारण माझ्या मते सिनेमाचं मर्म इथे आहे. पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. पोतं स्वतःच्या पाठीवर स्वतःला घेता येत नाही. दुसऱ्याने धरून चढवावं लागतं. वाहून एकटा नेतो, पण चढवायला दोघे लागतात. तो दुसरा तुझा भाऊ नसतो, जातीचा नसतो, त्याची भाषाही तुला अर्धीच कळते. तो म्हणतो, 'संभाल के', आणि पोतं पाठीवर येतं. प्रभा आणि पार्वतीचं नातं हे असं आहे. एकीची मल्याळी, दुसरीची मराठी, दोघींची मिळून मोडकी हिंदी. प्रभा पार्वतीचं घर वाचवू शकत नाही. वकिलाकडे नेते, दगड मारते, आणि शेवटी घर सोडायची वेळ आली तेव्हा सामान उचलून तिच्याबरोबर गावापर्यंत जाते. बस. पण हे 'बस' किती मोठं आहे! ज्या नवऱ्याशी तिचं कागदावर नातं आहे त्याची सोबत नाही, आणि जिच्याशी कुठल्याच कागदावर नातं नाही ती सोबत आहे. ह्या शहरात कागद एकीकडे असतो आणि माणूस दुसरीकडे.

गंमत बघा, सिनेमाच्या नशिबीही तेच आलं. मे २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत हा सिनेमा होता. भारताचा सिनेमा तिथे तीस वर्षांनी पोचला, १९९४ च्या शाजी करुण यांच्या 'स्वाहम'नंतर. त्याला ग्राँ प्री मिळालं, म्हणजे दुसरा सर्वोच्च मान. पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग अशा देशांतून जमवलेला, कारण आपल्याकडच्या धंदेवाल्यांना नर्सा आणि स्वयंपाकीणबाईच्या गोष्टीत पैसा दिसत नाही. मग ऑस्करला पाठवायची वेळ आली. इथल्या मंडळाने 'लापता लेडीज' पाठवला, आणि अध्यक्ष रवी कोट्टारकरा यांनी सांगितलं की निवड करणाऱ्यांना हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. फ्रान्सनेही त्याला आपल्या छोट्या यादीत घेतलं होतं, पण पाठवला दुसराच. दोन देशांच्या दारात उभा राहिला आणि दोघांनीही विचारलं, तुमचे कागद? पार्वतीवर सिनेमा काढला आणि सिनेमाचीच पार्वती झाली.

आता माझं भांडण. हे भांडण प्रेमाचं आहे, पण आहे.

सिनेमाचा दुसरा अर्धा भाग गावात जातो, रत्नागिरीच्या समुद्राकाठी. पार्वती परत जाते, प्रभा आणि अनू तिला पोचवायला जातात, शियाझही मागून येतो. तिथे मोकळं होतं सगळं. प्रकाश बदलतो, हवा बदलते. बायका दारू पितात, नाचतात. अनू आणि शियाझला रानातली एक गुहा सापडते, कोरलेल्या मूर्तींची, भिंतींवर नावं खरडलेली. त्यांना शेवटी जागा मिळते. बघताना बरं वाटतं. पण माझ्या मनात आलं, हे कोणाचं गाव? कुठल्या वाडीतलं घर? पार्वती कुठल्या विहिरीचं पाणी भरणार? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाबद्दल जे सांगितलं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता. आपले आजे-पणजे मुंबईला आले ते काही समुद्राचा वारा कमी पडला म्हणून नाही. आपल्यासाठी गावाकडे परतणं म्हणजे उजेडाकडे जाणं नाही. आपल्यासाठी ती हार असते.

पार्वतीची जात सिनेमा सांगत नाही. सांगायलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण हीच बाई जात ओळखते, हे मला माहीत आहे, म्हणून विचारतो. पायल कपाडिया ही चित्रकार नलिनी मलानी यांची मुलगी, आपल्या वस्तीतली नव्हे. पण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ ला १३९ दिवसांचा संप झाला त्यात ती होती, पोलीस केसही झाली. २०२१ च्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' ह्या तिच्या माहितीपटात एक मुलगी आपल्या प्रियकराला पत्रं लिहिते. मुलगी खालच्या जातीची म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला कोंडलंय. त्याच माहितीपटात हैदराबादच्या रोहित वेमुलासाठी रस्त्यावर उतरलेली पोरं आहेत. रोहित गेला १७ जानेवारी २०१६ ला. म्हणजे जात माणसाला माणसापासून कशी तोडते हे तिला दिसलंय, तिने दाखवलंय. मग २०२४ च्या सिनेमात गावात शिरताना तो प्रश्न समुद्राच्या वाऱ्याने कुठे उडाला?

आणखी एक गोष्ट जोडून बघा. 'सैराट' तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, २०१६ चा. त्यात गाव सोडून पळालेल्या आर्ची-परशाला हैदराबादच्या झोपडपट्टीत आसरा देणारी आक्का कोण होती? हीच छाया कदम. तिथे गावाने हाकललेल्या पोरांना शहरातल्या झोपडीने जागा दिली. इथे शहराने हाकललेल्या बाईला गाव जागा देतं. आपल्या अनुभवाला पहिलं जास्त पटतं. पण दुसरंही आज घडतंय हे नाकारता येत नाही. शहराने बाहेर काढलेलं माणूस कुठे जाणार? जिथून पळालो तिथेच. सिनेमा ह्याला सुटका म्हणतोय का पराभव, हे त्याने उघडं ठेवलंय. मी पराभव म्हणतो. तुम्ही आपसात भांडा.

त्या गावात एक माणूस समुद्रातून वाहत येतो. बुडालेला. प्रभा नर्स आहे, ती त्याच्या छातीवर दाब देऊन, तोंडाने श्वास देऊन त्याला जिवंत करते. गावातल्या एका म्हातारीला वाटतं ही त्याचीच बायको. प्रभा नाही म्हणत नाही. मग रात्री तो माणूस बोलायला लागतो, आणि तो जर्मनीचा नवराच होतो. खरं की मनातलं, कळत नाही. तो सांगतो, तिकडे कारखान्यात अंधार असतो, दिवस की रात्र कळत नाही, उजेड मनात आणून बघायचो पण येत नव्हता. सिनेमाचं नाव इथून आलंय. जहाजाच्या पोटात पाळी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पायलने इथे नवऱ्यालाही माणूस केलंय. तो काही राक्षस नाही, तोही एक मजूर आहे. पण तो म्हणतो माझ्याबरोबर चल, तेव्हा प्रभा नाही म्हणते. दया येते म्हणून परत जात नाही. मला हे फार मोठं वाटलं. सोबत पाहिजे म्हणून कुणाच्याही सोबत जायचं नसतं. एकटेपणाच्या भीतीने धरलेला हात म्हणजे सोबत नव्हे.

आता जरा कडू बोलतो. पोरांनो, ऐका. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा सिनेमा लागला आणि त्यातला अनू-शियाझचा एक तुकडा कापून लोकांनी फोनाफोनी पसरवला. दिव्या प्रभाला त्यावर बोलावं लागलं. आपल्यापैकी किती जणांच्या फोनवर तो आला? हात वर करू नका, मला मोजायचे नाहीत. फक्त विचार करा. ही दोन माणसं जवळजवळ सबंध सिनेमाभर जागा शोधतात. शहर देत नाही, घर देत नाही, धर्म देत नाही. शेवटी एक जागा मिळते. आणि तिथे आपण फोन घेऊन घुसतो. बिल्डर पार्वतीच्या घरात घुसला आणि आपण त्यांच्या. फरक सांगा मला. तो तुकडा बघणारा पोरगाही एकटाच असतो, हे मला कळतं. पाळी संपवून आलेला, गाव लांब, बायको लांब किंवा नाहीच. त्याच्या एकटेपणावर कुणीतरी पैसे कमावतं. प्रत्येक तुकड्यागणिक त्याची माणसाशी बोलायची सवय तुटते. समोर बाई आली की त्याला तुकडाच दिसतो. पूर्ण सिनेमा बघितला असता तर त्याला कळलं असतं की अनूही तेच शोधतेय जे तो शोधतोय. ती त्याची साथीदार आहे, त्याची शिकार नाही.

शेवट असा आहे. रात्र. समुद्रकाठचं खानावळीचं साधं खोपट, रंगीत दिवे लावलेलं. पार्वती, प्रभा, अनू. शियाझ लांब कुठेतरी लपलेला. ज्या प्रभाने अनूला त्याच्यावरून बोल लावले होते तीच आता म्हणते, बोलाव त्याला. तो येतो, बसतो. चौघं. ह्यात रक्ताचं नातं नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही. कुणी भाषण करत नाही. त्यांना जागा मिळालीय, पण ती समुद्रकाठी, उघड्यावर, आणि एका रात्रीपुरती.

आपलं काम ह्या 'एका रात्रीपुरती'पासून सुरू होतं. सिनेमा एका रात्रीची जागा दाखवू शकतो, त्याने ती दाखवली. कायमची जागा मागणं हे आपलं काम आहे. पगारावरच्या बायकांना होस्टेलं मागा, जिथे रात्रपाळीहून आल्यावर कुणी दार उघडायला कुरकुरणार नाही. घराच्या कागदावर बाईचं नाव मागा, नवरा मरण्याआधी. वाचनालय मागा, बाक मागा, जिथे पोरगा-पोरगी बसली तर शिपाई काठी आपटणार नाही. ही मागणी भाकरीपेक्षा हलकी आहे असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, तू शेवटचा कुणाशी पोटातलं बोललास आणि कुठे बसून?

पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता हाच सिनेमा ह्याच खोलीत दाखवायचा ठरलंय. पडदा म्हणून चादर आणतोय, मशीन एका मित्राचं आहे. बायकांना घेऊन या. सासूला घेऊन या. वरच्या मजल्यावर त्या दोन नर्सा भाड्याने राहतात, ज्यांना आपण जाता-येता नुसतं बघतो, त्यांनाही कुणीतरी नीट, दार वाजवून बोलावून या. पुढची सतरंजी त्यांच्यासाठी ठेवा. सिनेमा संपल्यावर लगेच उठायचं नाही. चहा आहे.